गाळलेल्या जागेत काय असतं?

पिरंगुटच्या एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी इंग्रजी शिकवायला जातो. शिकवायला म्हणजे तिथे बसणाऱ्या दहाबारा मुलामुलींच्या शंकांना जमतील तशी उत्तरं द्यायला. कुणी एमपीएससी करतंय, कुणी बँकेच्या परीक्षा देतंय, कुणी एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. टेबलावर ठोकळे, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. लवळ्याची टेकडी इथून फार लांब नाही. तिथे सिम्बायोसिसचं विद्यापीठ आहे आणि तिथल्या एमबीएसाठी ‘स्नॅप’ द्यावी लागते : ६० प्रश्न, ६० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला २५ टक्के गुण वजा. दुसऱ्या बाजूला हिंजवडी. तीही मुळशी तालुक्यातच. तिथल्या नोकऱ्यांच्या भरती परीक्षांमध्ये ‘व्हर्बल अ‍ॅबिलिटी’ नावाचा भाग असतोच. म्हणजे पौड रस्त्यावर राहणाऱ्या मुलाला शिकायचं असो की कमवायचं, वाटेत एक प्रकारचा प्रश्न हमखास भेटतो. एक इंग्रजी वाक्य, मध्ये एक रिकामी जागा, खाली चार-पाच शब्द. योग्य तो निवडा.

या प्रश्नांबद्दल आपण नेहमी ‘ट्रिक’ आणि ‘शॉर्टकट’च्या भाषेत बोलतो. मला वाटतं, त्यांच्याकडे एक लेखनप्रकार म्हणूनही बघायला हवं. कादंबरी किंवा कविता वर्षात एकदाही न उघडणारी लाखो मुलं ही वाक्यं मात्र रोज वाचतात, तीही एकेक शब्द तपासत. इतकं बारकाईनं वाचलं जाणारं लेखन कसं आहे, ते वाचकाकडून काय मागतं आणि त्याला काय देतं, हे कुणीतरी विचारायला नको का?

सुरुवात एका चुकलेल्या उत्तरापासून करतो. अभ्यासिकेत एक मुलगी येते. मुळशी धरणाच्या बाजूचं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता. वाक्य मुद्दाम मराठीत, पर्याय इंग्रजी :

मुळशीच्या धरणात पाणी ______ आहे, मात्र काठावरच्या कित्येक घरांत उन्हाळ्यात हंडे रिकामे असतात.

पर्याय : स्टॅग्नंट, अबंडंट, स्केअर्स, सेक्रेड.

चारही शब्दांचे अर्थ तिला येत होते. साचलेलं, मुबलक, दुर्मीळ, पवित्र. तिनं ‘स्टॅग्नंट’ निवडला.

मी म्हणालो, ‘‘चूक. अबंडंट.’’

ती म्हणाली, ‘‘पण दादा, धरणाचं पाणी साचलेलंच असतं ना? तुम्ही येऊन बघा हवं तर.’’

सगळे हसले. पण तिचं बरोबर होतं. पाणी साचलेलंच आहे. कुणासाठी ते पवित्रही असेल. धरणाबद्दल तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. तिनं धरणाकडे बघितलं आणि वाक्याकडे बघायचं राहिलं. वाक्यात ‘मात्र’ आहे. ‘मात्र’च्या पलीकडे रिकामे हंडे आहेत. तेव्हा अलीकडे रिकामेपणाच्या उलट काहीतरी हवं. हंडे रिकामे असण्याचा विरोध पाणी साचलेलं असण्याशी होत नाही, मुबलक असण्याशी होतो. शब्द ठरवायला धरण बघावं लागत नाही, ‘मात्र’ बघावा लागतो.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती सवयीची आहे आणि सवय शाळेनं लावलेली आहे. ‘कंसातील योग्य शब्द निवडून गाळलेल्या जागा भरा’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानात आहे. त्या गाळलेल्या जागेतलं वाक्य धड्यातून जसंच्या तसं उचललेलं असायचं. धडा पाठ असेल तर जागा भरायची, नसेल तर शेजारच्याकडे बघायचं. तिथे आठवणीची परीक्षा होती. स्पर्धा परीक्षेतलं वाक्य आपण आधी कधीच वाचलेलं नसतं. ते कुठल्याही धड्यात नाही. त्याचं उत्तर आठवायचं नसतं, त्या वाक्यातच शोधायचं असतं. दोन्ही प्रश्न दिसायला सारखे आहेत, म्हणून मुलं जुनीच सवय घेऊन नव्या प्रश्नाला भिडतात : आधी शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि मग त्यातला ओळखीचा वाटेल तो शब्द जागेत बसवतात.

या गाळलेल्या जागेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८९७ साली ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, हेरमान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांना शब्द आणि अक्षरं गाळलेला मजकूर भरायला दिला. कारण काय, तर सलग पाच तासांच्या शाळेनं मुलं दमतात का, हे तिथल्या अधिकाऱ्यांना जाणून घ्यायचं होतं. पुढे १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकानं ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून लोकांना ते भरायला सांगितले आणि त्या पद्धतीला ‘क्लोझ’ असं नाव दिलं. बँकेच्या परीक्षेतली ‘क्लोझ टेस्ट’ ती हीच. पण टेलरला वाचकाची परीक्षा घ्यायची नव्हती, मजकुराची घ्यायची होती. बहुतेकांना शब्द ओळखता आले तर लेखन सोपं, नाही आले तर अवघड. नापास व्हायचं असेल तर ते लेखकानं व्हायचं.

म्हणजे गाळलेली जागा एकदा मूल दमलंय का हे विचारायला वापरली गेली आणि एकदा लेखन नीट आहे का हे विचारायला. आज आपण ती वापरतो ते कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, हे ठरवायला.

चाळण्याचं हे काम अमेरिकेतल्या ‘सॅट’नं मोठ्या प्रमाणावर रूढ केलं. ती परीक्षा १९२६ साली सुरू झाली आणि तिची आखणी कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली झाली. याच ब्रिगमनं १९२३ सालच्या आपल्या पुस्तकात लष्करातल्या चाचण्यांच्या आधारे वंशांची बुद्धीनुसार उतरंड लावली होती. १९३० साली त्यानं ते निष्कर्ष मागे घेतले. त्यात त्यानं एक गोष्ट मान्य केली, ती प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावी अशी आहे : एखाद्या भाषेवर बेतलेली चाचणी, ती भाषा शिकण्याची सारखी संधी मिळालेल्यांमध्येच वापरावी. नाहीतर आपण बुद्धी मोजतोय असं वाटतं आणि मोजली जाते ती संधी.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी पाचवीपासून होतं. आज अभ्यासिकेत बसणाऱ्या पिढीनं पहिलीपासून इंग्रजी शिकलेलं आहे, पण तास मिळणं आणि सहवास मिळणं यात फरक असतो. घरात इंग्रजी पेपर येत नाही, गोष्टीचं पुस्तक नाही, इंग्रजीत भांडणारं कुणी नाही. सॅटमधला एक जुना प्रश्न याच कारणानं कुप्रसिद्ध झाला. धावणाऱ्याचं मॅरेथॉनशी जे नातं, तेच वल्हवणाऱ्याचं कशाशी? उत्तर होतं, ‘रिगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्यांच्या घरी होड्यांच्या शर्यती बघायला जायची पद्धत होती, त्यांना तो शब्द अभ्यासावा लागला नाही. मुळशीत एवढं मोठं पाणी आहे, पण काठावरच्या गावात हा शब्द कुणी कशाला उच्चारेल? नातेसंबंध ओळखायचे ते प्रश्न सॅटनं २००५ साली काढून टाकले आणि वाक्य पूर्ण करण्याचे प्रश्न २०१६ साली. रोजच्या वाचनात न भेटणारे शब्द घोकण्यात अर्थ नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. आता डिजिटल सॅटमध्ये गाळलेली जागा परत आली आहे, पण एका ओळीऐवजी छोट्या उताऱ्यात आणि बऱ्याचदा ओळखीच्या शब्दांसह. ‘जीआरई’नंही २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढले आणि सगळा भर वाक्यावर दिला.

मला ही सुधारणा खरी वाटते. ती आपल्याकडे शिकवण्याच्या पद्धतीत मात्र पोहोचलेली दिसत नाही. आपण अजून याद्याच वाटतो.

यादीचा तोटा काय होतो, ते एका उदाहरणावरून बघू. ‘टॅसिटर्न’ आणि ‘रेटिसंट’. बहुतेक याद्यांमध्ये दोन्हींसमोर एकच अर्थ असतो : अबोल. आता मराठीत बघा. अबोल, घुमा, मितभाषी, मुखदुर्बळ. चौघंही कमी बोलतात, पण आपण एकाच्या जागी दुसरा शब्द वापरत नाही. घुमा माणूस मनात काहीतरी धरून बसलेला असतो. मितभाषी माणसाचं आपण कौतुक करतो. मुखदुर्बळाला बोलायचं असतं पण तोंड उघडत नाही, ग्रामसभेत अशी माणसं शेवटच्या रांगेत दिसतात. इंग्रजीतही तसंच आहे. टॅसिटर्न माणसाचा स्वभावच मोजकं बोलण्याचा असतो. रेटिसंट माणूस मनातलं किंवा खासगी सांगायची वेळ आली की हात आखडता घेतो, एरवी तो भरपूर बोलत असेल. यादीनं हे दोन माणसं एका शब्दात कोंबली. मग वाक्यात ‘स्वतःच्या आजारपणाबद्दल’ असे शब्द आले तरी मुलाला त्यांचा उपयोग होत नाही, कारण त्याच्याकडे दोन शब्दांतला फरक सांगणारं काहीच नसतं.

गंमत म्हणजे मराठीत हा फरक त्याला उत्तम कळतो. म्हणून मी अभ्यासिकेत एकच पद्धत सांगतो, आणि ती कुठल्याही ठोकळ्यातल्या शॉर्टकटपेक्षा जुनी आहे.

पर्याय हातानं झाका. वाक्य वाचा. वाक्य कुठे वळतंय ते बघा. ‘ऑलदो’, ‘डिस्पाइट’, ‘येट’ असेल तर दोन बाजू एकमेकींच्या विरोधात आहेत. ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘सो मच सो दॅट’ असेल तर दुसरी बाजू पहिलीला पुढे नेते आहे. अपूर्णविराम असेल तर पुढचा भाग बहुधा मागच्याचा खुलासा असतो. मग गाळलेल्या जागेत स्वतःचा मराठी शब्द टाका. इंग्रजी नाही, मराठी. जो पहिल्यांदा तोंडात येईल तो. ‘हट्टी’, ‘उधळा’, ‘काठावरचा’, काहीही. तो शब्द चांगला आहे की वाईट, कौतुकाचा आहे की नाराजीचा, हे ठरवा. मग हात काढा आणि तुमच्या शब्दाच्या जवळचा पर्याय शोधा. शेवटी तो जागेत ठेवून अख्खं वाक्य पुन्हा वाचा. शेवटची पायरी सगळे गाळतात आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

शब्द अजिबात ओळखीचा नसेल तर? तेव्हा त्याची फोड करून बघा. नॉर्मन लुइसचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ पुण्यात अप्पा बळवंत चौकात अजून मिळतं, त्याचं कारण हेच. ते शब्दांची यादी देत नाही, लॅटिन आणि ग्रीक धातूंभोवती शब्दांची घरं बांधून दाखवतं. आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो त्याला कुणी सांगत नाही. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा आहेत. ‘इग्नाइट’मधला ‘इग्निस’ आणि आपला अग्नी एकच. ‘मॉर्टल’ आणि मर्त्य, ‘डेंटिस्ट’ आणि दंत, ‘पेडेस्ट्रियन’ आणि पद, ‘नॉव्हेल’ आणि नव, ‘जनरेट’ आणि जन, ही सगळी भावंडं आहेत. ‘इग्नियस’ म्हणजे अग्निजन्य खडक, हे सह्याद्रीच्या बेसाल्टवर उभ्या असलेल्या माणसानं विसरायचं काही कारण नाही. अर्थात फोड हा अंदाज आहे, पुरावा नाही. दिसायला सारखे असलेले सगळे शब्द नातेवाईक नसतात. पण दोन पर्यायांत अडकल्यावर एवढा आधार पुष्कळ होतो.

इथपर्यंत मी या प्रश्नांची बाजू घेतली. चांगला प्रश्न वाचकाला वाक्याचा सांधा ऐकायला शिकवतो, आणि तसं वाचता येणारा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमधला ‘म्हणून’ खरा आहे की खोटा, हेही ओळखू शकतो. घोषणांच्या काळात ही छोटी गोष्ट नाही.

आता तक्रार. पहिली तक्रार या वाक्यांतल्या जगाबद्दल आहे. शंभर-दोनशे प्रश्न सलग वाचलेत की लक्षात येतं, इथे राहणारी माणसं ठरलेली आहेत : एक विद्वान, एक समीक्षक, एक राजकारणी, एक शास्त्रज्ञ. कुणाला नाव नाही, गाव नाही. समीक्षकांनी आधी झोडपलेलं पुस्तक नंतर लोकांना आवडतं. शास्त्रज्ञाचा सिद्धांत आधी हास्यास्पद वाटतो, नंतर खरा ठरतो. इथे कुणाच्या हंड्यात पाणी नाही असं होत नाही. ही वाक्यं कुणीच कुणाला म्हणत नाही. ती फक्त भोक पाडण्यासाठी लिहिलेली असतात. त्यामुळे मुलाला इंग्रजी ही अशीच भाषा वाटायला लागते : जिच्यात आपल्याला सांगायचं असं काही नसतं, फक्त दुसऱ्याचं पूर्ण करायचं असतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. या प्रश्नात बरोबर उत्तर म्हणजे सगळ्यात अपेक्षित शब्द. वाक्य असं बांधावं लागतं की गाळलेला शब्द नसला तरी कळावा. म्हणजे तो शब्द नवं काहीच सांगत नाही. प्रश्न म्हणून ते योग्यच आहे, नाहीतर दोन उत्तरं बरोबर येतील आणि परीक्षा कोर्टात जाईल. पण हे काम आता यंत्रं करतात. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ नावाचं भाषा-मॉडेल आणलं. ते शिकलं कसं, तर मजकुरातले सुमारे १५ टक्के शब्द निवडून, बहुतेक ठिकाणी ते झाकून, ओळखायला लावून. म्हणजे गाळलेल्या जागा भरूनच. तुमच्या मोबाइलचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, तोही अपेक्षित तोच. सगळ्यात अपेक्षित शब्द शोधण्यात माणसाला आता यंत्राशी शर्यत लावायची आहे का?

साहित्य नेमकं उलट्या बाजूला उभं असतं. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहायचे. त्यांचं ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक १९७६ साली आलं, १९७७ साली त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. जेजुरी आपल्याच पुणे जिल्ह्यात. त्या पुस्तकातल्या ओळींतला एखादा शब्द गाळून चार पर्याय द्यायचा प्रयत्न करा. जमणार नाही. सगळ्यात शहाणा विद्यार्थी तिथे सगळ्यात चुकीचा शब्द भरेल, कारण कवीनं अपेक्षित शब्द सोडून दिलेला असतो. आणि तरी कवीचा शब्द वाचल्यावर तोच हवा होता असं वाटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : हे प्रश्न सोडवायला शिका, नीट शिका, कारण त्यांच्या मागे शिक्षण आणि पगार उभे आहेत. पण ते सोडवता न येणं म्हणजे भाषा न येणं असं मानू नका, आणि ते सोडवता येणं म्हणजे भाषा आली असंही नाही.

त्या रविवारी मी शेवटी सगळ्यांना सांगितलं, प्रत्येकानं एक प्रश्न तयार करा, मराठीत चालेल. प्रश्न काढणाऱ्याच्या जागी बसलं की सांधा लवकर कळतो. ‘स्टॅग्नंट’वाल्या मुलीनं बराच वेळ घेतला आणि वही पुढे केली :

गाव पाण्याखाली गेलं, पण ______ बुडालं नाही.

पर्याय : नाव, दुःख, भांडण, देणं.

मी नेहमीप्रमाणे पर्याय हातानं झाकले. ‘पण’ बघितला. मग हात काढला आणि थांबलो. चारही बसत होते. मराठीत किती गोष्टी बुडतात! पैसे बुडतात, नाव बुडतं, शाळा बुडते, सूर्य बुडतो. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीत सत्याग्रह झाला, तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. तिनं लिहिलेल्या चारातलं काय बुडालं आणि काय नाही, हे मी कोण ठरवणार?

‘‘उत्तर कुठलं?’’ मी विचारलं.

‘‘तेच कळत नाहीये, दादा. आजी म्हणते देणं. वडील म्हणतात भांडण.’’

मी म्हणालो, ‘‘परीक्षेत हा प्रश्न चालणार नाही. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर आली की प्रश्न रद्द होतो.’’

तिनं खोडरबर उचललं. मी म्हणालो, ‘‘खोडू नकोस. पर्याय तेवढे काढ आणि त्याच्या पुढचं वाक्य लिही.’’